बुधवारचं जेवण आणि न दुखणारी दाढ

लोक बायकोला परदेश दाखवून आणतात. काही जण तिच्या नावाने बंगला बांधतात आणि दारावर तिच्या नावाची पाटी लावतात. मी माझ्या बायकोला फक्त ऑफिससमोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या कॅफेत दुपारचं जेवायला नेलं. तेवढ्यावरून माझ्या तोंडात लवंगेचं तेल गेलं, ऑफिसातली अब्रू गेली आणि घरात आपलं वजन किती, याचाही उलगडा झाला. तेव्हा बंगला बांधणाऱ्यांचं कसं होत असेल याची मला खरोखर काळजी वाटते.

म्हणजे आम्ही बाहेर जेवतच नाही असं नाही. रविवारी जातो की! पण रविवारी जातो तो मोर्चा असतो. आई, मी, दोन मुलं आणि बायको. थोरला फोनमध्ये डोकं घालून जेवतो, धाकटा जेवणात डोकं घालून जेवतो, आईला प्रत्येक पदार्थ मोठ्याने वाचून दाखवावा लागतो आणि शेवटी ती म्हणते, "घरी काय वाईट होतं?" बायको एकाचा शर्ट पुसते, दुसऱ्याची सांडलेली बाटली उचलते, आणि तिचा घास तोंडाशी जाईपर्यंत वेटर बिल घेऊन उभा असतो.

अशाच एका रविवारी परत आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "मला ना, एकदा कामाच्या दिवशी जेवायचंय. दुपारी. बसून. दुसऱ्याने वाढलेलं. आणि तुमच्याशी चार शब्द बोलत."

"मग रोज दुपारी काय करतेस?" मी विचारलं. नवरे असले प्रश्न फार निष्पापपणे विचारतात.

"ओट्याशी उभी राहते आणि सकाळचं उरलेलं संपवते."

यात तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं, मी त्यात तरबेज आहे. पण तिने ते दूध संपलंय म्हणून सांगावं तसं सांगितलं, आणि मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट होती, आणि तीही काय, तर खुर्ची. मी छाती पुढे काढून म्हणालो, "या बुधवारी जाऊ." बुधवार अशासाठी, की सोमवारी कामाचा ढीग असतो, मंगळवारी बैठक असते, गुरुवारी सोमवारचा ढीग निस्तरायचा असतो आणि शुक्रवारी कोणाचं कशात लक्ष नसतं. बुधवार हा त्यातल्या त्यात गरीब वार.

बातमी जिन्यात पोचायला वेळ लागला नाही. आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त ऑडिटर राहतात. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि निवृत्तीनंतर ती सेवा ते मोफत देतात. मला जिन्यात अडवून म्हणाले, "कॅफेत जाताय म्हणे! काचेजवळ बसू नका. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ताटात बघतो. आणि ज्याचं नाव वाचता येत नाही ते मागवू नका. मी एकदा मागवलं होतं."

"मग?"

"एक पान आलं. हिरवं. त्यावर कसलेसे तीन थेंब. मी वाट बघत बसलो, म्हटलं जेवण मागून येत असेल. नंतर कळलं, तेच जेवण होतं."

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी बायकोला वेगळाच सल्ला दिला. त्या म्हणाल्या, "नवरा आपणहून मधल्या वारी जेवायला नेतोय ना, मग आधी त्याने काय केलंय ते शोध." त्या दिवशी संध्याकाळी बायको माझ्याकडे जरा निरखून बघत होती. मी काहीच केलेलं नव्हतं, तरी घाम फुटला.

टेबल राखून ठेवायला मी स्वतः कॅफेत गेलो. आत चिटपाखरू नव्हतं. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "सर, बुकिंग ऑनलाइन करावं लागेल."

"पण मी इथे तुमच्यासमोर उभा आहे."

"हो सर. पण सिस्टिमला तुम्ही दिसत नाही."

म्हणून मी तिच्यासमोर, तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून, फोनवर बुकिंग केलं. फोनने नाव विचारलं, माणसं विचारली आणि मग विचारलं, 'निमित्त काय?' खाली तीन पर्याय होते: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, व्यावसायिक भेट. 'भूक' हा पर्याय नव्हता. काही न निवडता पुढे जाता येईना. लग्नाचा वाढदिवस म्हणावं, तर त्यात बायको सामील आणि तिला तारीख पाठ. बायकोशी व्यावसायिक भेट मला काही शोभेना. मी 'वाढदिवस' दाबून मोकळा झालो आणि ते तिथल्या तिथे विसरलो.

आता खरा घाट लागला, तो ऑफिसचा. आमच्या ऑफिसात माणसाने दिवसभर काम नाही केलं तरी चालतं, पण ते न करणं इमारतीच्या आत बसूनच झालं पाहिजे. मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर जायचं तर परवानगीची चिठ्ठी लागते. ती आधी हेडक्लार्कांकडे जाते आणि मग मॅडमच्या सहीला. आमच्या हेडक्लार्कांना नियमांची इतकी आवड, की सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे 'पोटकलम' म्हणतं. मी बुधवारी सकाळी त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो.

"कारण?" पोटकलमांनी विचारलं.

"जेवायला जायचंय."

"जेवण हे बाहेर जाण्याचं कारण होऊ शकत नाही. जेवणाची सोय इमारतीत आहे. वरच्या मजल्यावर, पंख्याखाली."

"हो, पण..." मी आवाज खाली आणला. "बायकोबरोबर जेवायचंय."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. आजूबाजूच्या तीन टेबलांवरचं टायपिंग थांबलं. "घरी जेवत नाही का त्या?"

"जेवते. पण..."

"भांडण?"

"नाही हो."

"मग कार्यालयीन, वैद्यकीय आणि कौटुंबिक आपत्ती, यातलं काय लिहू? तसं हे आपत्तीत बसवता येईल. पण पुरावा जोडावा लागेल."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. खरं तर मी ताठ मानेने म्हणायला हवं होतं, की साहेब, पुरावा दीड वाजता समोरच्या कॅफेशी येऊन उभा राहणार आहे, बघून घ्या. पण माणसाची मान ऐन वेळी कुठे जाते कोण जाणे. मी म्हणालो, "वैद्यकीय लिहा. दाढ दुखतेय."

"कुठली?"

"म्हणजे?"

"वरची की खालची? डावी की उजवी? मॅडम विचारतात."

"खालची. उजवी," मी म्हणालो आणि विकतचं दुखणं पदरात पाडून घेतलं.

दाढ हा अवयव देवाने बहुधा सहकाऱ्यांच्या सोयीसाठी दिला असावा. तोपर्यंत ज्यांनी मला कधी पाणी विचारलं नव्हतं, ते एकेक करून तोंडात डोकावून गेले. एकाने आपल्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. त्याचीही खालची उजवीच होती आणि पुढे त्याचा जबडा उघडायचाच बंद झाला. 'आता बायको सुखी आहे,' असा त्या गोष्टीचा शेवट होता. जमाखर्च विभागातल्या बाई खणात सगळ्या आजारांची औषधं ठेवतात आणि कोणी आजारी पडलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. त्यांनी लवंगेच्या तेलात कापसाचा बोळा भिजवला. मी नको नको म्हणतोय तोवर माझं तोंड उघडून तो बोळा आत दाबला आणि वर म्हणाल्या, "थुंकायचं नाही. मी बघतेय." पाचच मिनिटांत माझी जीभ, गाल आणि निम्मा ओठ परका झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याच मापाचा असावा.

सुट्टी होताच मी गालाला रुमाल लावून निघालो. पण सगळं ऑफिस मला निरोप द्यायला खिडकीत! दातांचा डॉक्टर डाव्या हाताला आणि कॅफे नाकासमोर. बायको कॅफेच्या दाराशी ठेवणीतले कपडे घालून उभी असलेली मला दिसत होती. तिने हात केला. मी तिला ओळख न देता डावीकडे वळलो. काय करणार! डॉक्टरांच्या पाटीखालून गेलो, कोपऱ्यावर वळलो, मागच्या गल्लीत बोळा थुंकला, तिथल्या तीन कचराकुंड्या आणि एक भुंकणारं कुत्रं ओलांडून, सगळा चौक पालथा घालून उलट्या बाजूने कॅफेशी पोचलो, तेव्हा धापा टाकत होतो.

तोवर आमच्या फाटकावरच्या वॉचमनने आपलं कर्तव्य बजावलं होतं. त्याने रस्ता ओलांडून बायकोला सांगितलं होतं, "वहिनी, साहेबांची वाट बघताय का? ते दाढ काढायला गेलेत. फार कळा येतायत त्यांना."

"काढून झाली?" मी समोर येताच बायकोने विचारलं.

"अगं, ती चिठ्ठीवर कारण लिहावं लागतं म्हणून..." मी म्हणालो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. बधिर जिभेने त्यातलं निम्मंच बाहेर आलं.

"आणि 'बायको' लिहायची लाज वाटली."

ती रागावली असती तर मी समजूत घातली असती. ती फक्त दार ढकलून आत गेली. मी तिच्या मागोमाग गेलो.

टेबल काचेजवळचंच होतं. दुसरं एकही रिकामं नव्हतं. चिटपाखरू नसलेल्या त्या कॅफेत आज पाय ठेवायला जागा नव्हती. बायको रस्त्याकडे तोंड करून बसली आणि मी रस्त्याकडे पाठ करून, मेनूकार्ड कानापर्यंत उभं धरून. तिने स्वतःसाठी भाजलेल्या भाज्यांचं सँडविच सांगितलं, माझ्यासाठी पास्ता सांगितला, आणि मग पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून ती नुसती बसली. काही उचलायचं नाही, कोणाला वाढायचं नाही. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरताना मी पाहिली. वाटलं, निभावलं. आता बोलावं. "आज तू..." मी सुरुवात केली.

"अरेच्चा! तुम्ही?" डोक्यावरून आवाज आला. "दाढेचं काय झालं?"

मॅडम! आमच्या मॅडम कधी जेवतात, कुठे जेवतात, मुळात जेवतात की नाही, हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नाही. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर त्यांची सही लागते. त्यांच्या चिठ्ठीवर सही करणारा अजून जन्माला यायचाय. त्या माझ्या पुढ्यात उभ्या होत्या आणि माझी दातखीळ बसली. निदान ती तरी खरी होती.

"इं... इंजेक्शन दिलंय," मी कसंबसं म्हणालो. "बधिर होईपर्यंत बसायला सांगितलंय."

"इथे?"

"त्यांच्याकडे खुर्च्या कमी आहेत," बायको म्हणाली. तिचा चेहरा इतका गंभीर होता, की क्षणभर मलाही ते पटलं. "मी यांची बायको. बसा ना मॅडम. दुसरं टेबल कुठे आहे?"

आणि मॅडम बसल्या.

तेवढ्यात जेवण आलं. पास्ता माझ्यासमोर ठेवला जातोय हे पाहून मॅडमनी वेटरचा हात वरच्या वर धरला. "छे, छे! यांना चावायचं काही देऊ नका. यांना सूप आणा. गाळलेलं. आणि गरम नको हं, कोमट. मला नेहमीचं." माझा पास्ता बायकोच्या पुढ्यात सरकला. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. माझ्याकडे दोन्ही होतं, तरी मी उपाशी.

"रात्री झोप लागली का यांना?" मॅडमनी काळजीने विचारलं.

"कुठली हो!" बायकोने सँडविचचा मोठा घास घेतला आणि सावकाश चावून संपवला. "रात्रभर तळमळत होते. डॉक्टर तर म्हणाले, बाजूच्याही दोन काढाव्या लागतील. मी म्हटलं, काढा. नाहीतरी वापर काय त्यांचा?"

मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने आपला पाय बाजूला घेतला आणि माझा पास्ता जवळ ओढला. सूप आलं. कोमट नव्हतं, गार होतं. आणि लवंगेच्या कृपेने त्याची चव भिंतीला दिलेल्या रंगासारखी लागत होती. समोर दोन बायका सुखाने जेवत होत्या आणि मी चमच्या-चमच्याने माझं पाप गिळत होतो.

इतक्यात कॅफेतले दिवे मंद झाले. स्वयंपाकघरातून चार माणसं टाळ्या वाजवत निघाली आणि एकाच्या हातात मेणबत्ती लावलेला केकचा तुकडा होता. 'कोणाचं तरी नशीब!' असं मी मनात म्हणतोय तोवर ती वरात आमच्याच टेबलाशी थांबली आणि मोठ्याने वाढदिवसाचं गाणं म्हणू लागली. कॅफेतले सगळे लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. रस्त्यावरचेही दोघे-तिघे काचेला नाक लावून उभे राहिले. ऑडिटर खोटं बोलले नव्हते.

"आज वाढदिवस तुमचा?" मॅडमनी विचारलं. "दाढ दुखत असताना?"

"यांचा वाढदिवस थंडीत असतो," बायको म्हणाली. "आज यांना काय काय आहे, ते मलाही एकेक करून कळतंय."

काही सुचत नसलं की माणूस खातो. मी गोंधळून केकचा तुकडा उचलला आणि तोंडात कोंबला. त्यावर साखरेच्या कडक पाकात घोळवलेला बदाम होता. तो थेट खालच्या उजव्या दाढेखाली गेला आणि 'कडाक्' असा आवाज झाला. टाळ्या थांबल्या होत्या, त्यामुळे तो फार स्पष्ट ऐकू आला.

मॅडमनी काटा खाली ठेवला. "कुठली दाढ म्हणालात?"

"खालची," मी म्हणालो. "उजवी."

"मजबूत आहे."

मी मान खाली घातली. जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण ती फरशी बेताचीच होती. शेवटी बायकोच बोलली. मघाची थट्टा तिच्या आवाजात आता नव्हती. "मॅडम, चूक माझी आहे. मीच म्हटलं होतं, कामाच्या दिवशी एकदा बसून, दुसऱ्याने वाढलेलं जेवायचंय. रोज मी ओट्याशी उभ्याने जेवते. यांच्याबरोबर चार शब्द बोलायचे होते, एवढंच. ते चिठ्ठीत लिहिता येत नाही म्हणे."

मॅडमनी पाण्याचा ग्लास बायकोकडे सरकवला. "मी बसून जेवते," त्या म्हणाल्या. "रोज इथेच. पण समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. ऑफिसातला आवाज त्यांनी कुठून काढला कोण जाणे, पण तोच होता. "तुमचं दुपारचं काम मी सकाळीच हेडक्लार्कांकडे सोपवलं होतं. तुम्हाला त्रास नको म्हणून. आता बरं वाटतंय ना? मग जा, आणि परत घ्या ते. आम्ही कॉफी घेऊन उठतो."

मी बायकोकडे पाहिलं. वाटलं, ती म्हणेल, राहू दे हो मॅडम, बसू दे त्यांना. ती मेनूकार्डात कॉफीचे प्रकार वाचत होती. मी उठलो आणि नाकासमोरचा रस्ता सरळ ओलांडून ऑफिसात गेलो. पोटकलमांनी विचारलं, "काढली?" मी म्हटलं, "हो, मुळासकट."

संध्याकाळी घरी बायको खुशीत होती. मॅडमची आई, मॅडमचं घर, मॅडमनी लहानपणी गाण्याच्या परीक्षेत खाल्लेला मार, असं बरंच काही मला कळलं. मी तीन वेळा माफी मागितली. तिने तिन्ही वेळा "असू दे हो" म्हटलं आणि पुन्हा मॅडमवर आली. मला रात्रभर झोप लागली नाही. एवढ्याशा चिठ्ठीवर मी बायकोला लपवलं, हे दाढेपेक्षा जास्त ठणकत होतं.

म्हणून पुढच्या बुधवारी मी ठरवलं, की आता होऊन जाऊ दे. सकाळी डबा घेऊन निघालो, पण घरी काही बोललो नाही. म्हटलं, दुपारी फोन करून तिला कॅफेत बोलावू आणि चकित करू. पोटकलमांच्या टेबलाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मला बायकोबरोबर जेवायला बाहेर जायचंय. कारण तेच लिहा. रकाना नसेल तर आखा." टायपिंग पुन्हा थांबलं. या वेळी कोणी हसलं नाही. जमाखर्चातल्या बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. पोटकलमांनी पट्टी घेऊन खरोखरच एक रकाना आखला. चिठ्ठी आत गेली आणि सही होऊन बाहेर आली. माझी मान इतकी ताठ होती, की दाराची चौकट जपून ओलांडावी लागली.

दीड वाजता मी फाटकाशी उभा राहून घरी फोन लावला. आईने उचलला. "ती होय? ती मघाशीच जेवायला गेली बाहेर," आई म्हणाली. "तुला नाही सांगितलं?"

मी रस्त्यापलीकडे पाहिलं. काचेजवळच्या टेबलाशी बायको आणि मॅडम बसल्या होत्या. बायको हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि मॅडम, ज्यांना आम्ही कधी हसताना पाहिलं नव्हतं, तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. मी धावतच आत गेलो.

"अहो, तुम्ही?" बायको दचकून म्हणाली. "डबा दिला होता ना?"

"तुझ्याबरोबर जेवायला आलोय," मी म्हणालो. "कारण लिहून."

"अय्या, खरंच?" तिचा चेहरा खुलला. मग तिने टेबलाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि जरा ओशाळून म्हणाली, "आधी सांगायचं नाही का हो? हे दोघांचं टेबल आहे. आणि आमचं आत्ता कुठे रंगात आलंय. पुढच्या वेळी नक्की हं."

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. एवढ्यात वेटर अदबीने जवळ आला आणि मला आतल्या बाजूच्या, हात धुण्याच्या जागेशेजारच्या टेबलाकडे घेऊन गेला. त्याने समोरची दुसरी खुर्ची उचलली आणि विचारलं, "सर, एकटेच ना?"

मी काचेकडे पाहिलं. बायको पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून बसली होती आणि तिला कोणीतरी वाढत होतं.

"हो," मी म्हटलं. "खुर्ची न्या."